चूलबंद गृहपाठ

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास स्वानंद सर बनियनवर उपमा हलवत असताना दारात एक अख्खं कुटुंब येऊन उभं राहिलं. पुढे गल्लीतले मच्छिंद्रआबा, मागे मुलगा, सून, नातवंडं आणि प्रत्येकाच्या हातात आपापलं ताट नि तांब्या. आष्टीत जुना माणूस ताट-तांब्या घेऊन घराबाहेर पडला, तर तो दुसऱ्याच्या घरी पंगतीलाच निघालेला असतो. सरांना वाटलं, म्हातारा दार चुकला.

"सर, बसायचं कुठं?" आबांनी रिकाम्या अंगणावर नजर फिरवत विचारलं. "का आम्हीच जल्दी आलोत?"

आबा दार चुकले नव्हते. चुकले होते सर, आणि तेही शुक्रवारी, सातवीच्या वर्गात.

स्वानंद सर मूळचे जालन्याचे. पुण्यात स्पॅनिश शिकून एका कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत बसायचे. त्या कंटाळ्यातून सुटून दोन वर्षांपूर्वी ते आष्टीतल्या एका खासगी शाळेत आले, आणि इथली पोरं त्यांना फार आवडली. गावाला मात्र स्पॅनिश आवडलं नाही. किराणा दुकानवाले राधेश्यामभाऊ तर उघड म्हणायचे, "ही भाषा बोलून परतूरच्या मोंढ्यात कापूस इकता येतो का?" त्यांच्या मागे बाकीचे पालकही कुरकुरू लागले. शेवटी मुख्याध्यापकांनी सोमवारी पालकसभा ठेवली. पालक नको म्हणाले, तर स्पॅनिश बंद, आणि सरांनी पुन्हा पुण्यात जाऊन कानाला तो हेडफोन लावायचा.

म्हणून सरांनी सगळी भिस्त जेवणाच्या धड्यावर ठेवली होती. खाण्याचा विषय कोणाला नको असतो? आर्रोस म्हणजे भात, लेचे म्हणजे दूध, आग्वा म्हणजे पाणी, पोरं घडाघडा म्हणायला लागली. तिकडचे लोक रात्री दहाला जेवतात हे ऐकून सोमेश्वर नावाच्या पोराने विचारलं, "मंग सकाळी रानात कव्हा जातेत?"

शुक्रवारी सरांनी गृहपाठ दिला. शेजारीपाजारी जायचं, जेवणाचं आमंत्रण स्पॅनिशमध्ये द्यायचं आणि त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. फळ्यावर वाक्य लिहिलं, रविवारी माझ्या घरी जेवायला या, तोदा ला फामिलिया. हे शेवटचं म्हणजे सगळं कुटुंब. पण सरांना घरमालकीण सगुणामावशींकडून नुकताच एक शब्द मिळाला होता आणि तो वापरायला त्यांची जीभ शिवशिवत होती. ते म्हणाले, "तोदा ला फामिलिया म्हणजे आपलं चूलबंद." ज्या घराला असं आवतन जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, सगळे यजमानाकडे जेवतात. पोरांना हे चटकन समजलं, इतकं की सर स्वतःवरच खूश झाले.

अडलं ते 'माझ्या घरी' या शब्दांवर. गावाकडे आवतन सांगत फिरणारं पोर 'माझ्या घरी' असं कधी म्हणत नाही, ज्याच्या घरी जेवण त्याचं नाव घेतं. वर्गात सगळ्यांत हुशार प्रियदर्शनी, राधेश्यामभाऊंचीच मुलगी. तिने विचार केला, वाक्य सरांचं, धडा सरांचा, म्हणजे घरही सरांचंच. तिच्या हिशेबाने हे बराबर होतं, आणि बाकीच्यांनीही तेच धरलं. पोरांनी गल्ल्या वाटून घेतल्या आणि शनिवारी प्रत्येक उंबऱ्याबाहेर उभं राहून आधी स्पॅनिश म्हटलं, मग मराठी, "स्वानंद सरांच्या घरचं आवतन हाय. उद्या दुपारी. चूलबंद."

आता हे वाक्य ज्यांच्या कानावर पडलं, त्यांचीही बाजू समजून घ्यायला हवी. आष्टीत अलीकडे आवतन मोबाईलवर येतं. गणपतीचं चित्र, खाली फुलं, खाली हात जोडलेले. जेवण मंगल कार्यालयात, ताटली हातात धरून रांगेत, आणि यजमानाला तुम्ही आलात की नाही याचा पत्ता नाही. पूर्वी कार्य निघालं की बायाबापड्या कान दाराकडे लावून असत. एकाचं आवतन येतंय की चूलबंद, यावर त्या घराची ऐपत नाही, पण मान ठरायचा. मग अंगणात धूळ उडू नये म्हणून सडा, लांबच लांब पंगत, ताटात भाताचं आळं आणि त्यात येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, पातळ आमटी. ती आमटी पळत सुटायची आणि तिला अडवता अडवता निम्मं बालपण सरायचं. फार चांगलं होतं ते. आपल्याच हातानं सोडून दिलं.

आबांच्या मागोमाग शेजारच्या वंदनाताईंचं घर आलं, मग टेम्पोवाल्या रामकिसनचं, मग ओळखीचंही नसलेलं. उपमा कढईला लागला. सगुणामावशी जांब समर्थला दर्शनाला गेल्या होत्या, त्या नेमक्या तेव्हाच परतल्या आणि आपलंच अंगण माणसांनी भरलेलं पाहून पिशवीसकट थबकल्या. सरांनी त्यांना आत ओढून सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, "मावशी, मी बाहेर जाऊन खरं काय ते सांगतो. माफी मागतो."

"बिलकुल न्हाई," मावशी म्हणाल्या. "ताट घेऊन आलेल्या मान्साला चुकून आलास म्हणता येत न्हाई, सर. तुमी डाळ-तांदूळ घेऊन या. चुलीचं मी पाहते."

सर शर्टाची बटणं लावत दुकानाकडे पळाले. जवळचं किराणा दुकान एकच, राधेश्यामभाऊंचं. अर्ध्या वाटेत भाऊच समोर आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मागे बायको, प्रियदर्शनी आणि धाकटा, सगळ्यांच्या हातात ताटं.

"दुकान बंद करून आलो," भाऊ म्हणाले. "चूलबंद म्हणल्यावर दुकानबंद बी आलंच."

ज्याच्या शब्दावर उद्याचा निकाल होता, त्याच्याकडेच आता सरांना त्याच्याच जेवणाचा शिधा मागायचा होता. शेवटी ते कसंबसं म्हणाले, "भाऊ, जरा तूरडाळ कमी पडतेय." किती कमी पडतेय, हे भाऊंनी विचारलं. सगळीच, असं सरांनी सांगितलं.

भाऊंनी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. दुकानापर्यंत मागे गेले, शटर वर केलं, तर दाराशीच तांदळाचं पोतं, डाळीची पिशवी आणि तेलाचा डबा मांडून ठेवलेले. सरांना त्या गडबडीत त्याचं नवल वाटायलाही सवड मिळाली नाही.

पुढचं सगळं गावाने केलं. बायांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या, आपापल्या घरून येसराचे डबे आणले, रामकिसनने पाण्याचा ड्रम ओढत आणला. पंगत बसेपर्यंत तीन वाजत आले. "तिकडं बराबर ह्याच टायमाला जेवतेत," प्रियदर्शनीने सगळ्यांना समजावलं. पोरं वाढायला उठली, आर्रोस, आर्रोस करत भात वाढू लागली, आणि म्हाताऱ्या बायका पदर सावरत "थोडा आर्रोस दे गं" म्हणू लागल्या. मच्छिंद्रआबांनी आमटीचा पहिला भुरका मारला आणि डोळे मिटून घेतले. तिखट लागलं का, असं सरांनी विचारलं, तर त्यांनी डोळे न उघडताच दुसरा भुरका मारला.

सरांना ते पाहवेना. एवढ्या प्रेमाने जेवणाऱ्या माणसांना आपण फसवून बसवलंय, असं त्यांना वाटलं. उद्या नोकरी जायची ती जावो, म्हणून ते पंगतीच्या मधोमध उभे राहिले.

"मला माफ करा. मी कोणालाच आवतन दिलं नव्हतं. तो पोरांचा गृहपाठ होता."

पंगतीत कोणी मान वर केली नाही. मावशी भात वाढत राहिल्या. राधेश्यामभाऊंनी आळ्यातली आमटी बोटाने अडवली आणि शांतपणे म्हणाले, "म्हाईत हाय, सर. पोरायनं दारातच सांगितल्तं, गृहपाठ हाय म्हणून."

"मग तुम्ही आलात कसे?"

भाऊ म्हणाले, "लई वर्सं झाली, दारात येऊन कोनी 'जेवायला या' म्हणलं न्हाई. म्हणलं, गृहपाठ तं गृहपाठ."

सर तिथेच पंगतीत बसले. कोणीतरी त्यांच्यापुढे ताट सरकवलं, कोणीतरी भात वाढला. डोळे पुसून त्यांनी पहिला घास घेतला, आणि मग धीर करून विचारलं, "आणि उद्याच्या सभेत?"

"सभेचं राहू द्या," भाऊ म्हणाले. "पुढचा धडा कोन्ता हाय, ते सांगा."

"प्रवासाचा."

राधेश्यामभाऊंचा हात ताटावरच थांबला. त्यांनी पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं नजरेनं मोजली आणि पलीकडे बसलेल्या रामकिसनला हाक मारली.

"रामकिसन, तुझा टेम्पो कोनाला देऊ नको रं."