नामदेवकाकांचा अर्धा पूल

आमचे नामदेवकाका गेम खेळायला बसतात तेव्हा आधी चपला काढतात, मग स्टिअरिंगच्या पाया पडतात आणि गळ्यातला गमछा सीटबेल्टसारखा छातीवरून आडवा घेतात. स्क्रीनवरच्या ट्रकला लिंबू-मिरची बांधायची सोय नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतं. म्हणून ती त्यांनी कॉम्प्युटरला बांधली आहे.

काकांनी उभं आयुष्य ट्रक चालवला. छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरांनी गाडी बंद करायला लावली. काकांनी वारंगा फाट्यावर टायरचं दुकान टाकलं आणि दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि त्याला जोडायचं स्टिअरिंग आणलं.

मी त्यांना ट्रकचे दोन-तीन चांगले गेम दाखवले. पूर्ण बनलेले, नावाजलेले. काकांनी नाक मुरडलं. "बर्फ हाय सगळा. आपली गाडी बर्फात कशाला नेऊ?" त्यांनी निवडला तो अर्धवट बनलेला गेम. त्यात काळी माती होती, बाभळी होत्या, रस्त्यात शेळ्या होत्या. शेळ्या जमिनीपासून वीतभर वर चालत, ती गोष्ट वेगळी. रस्ता एका अर्ध्या पुलापाशी संपायचा. पैसे आत्ता भरा, पूल आणि पलीकडचं गाव मागाहून देतो, असं बनवणाऱ्यांनी लिहिलं होतं.

मी म्हणालो, "काका, उद्या हे लोक काम सोडून गेले तर पैसे परत मिळत नाहीत."

"तू काहून घाबरून राहिला? फाट्यावरचा रस्ता रुंद करत होते तव्हा आपण धुरळा खाल्लाच की. झालाच ना रस्ता शेवटी."

ते रोज पुलापर्यंत जात, हँडब्रेक ओढत आणि काम कुठवर आलं ते बघत. एकदा शेळ्यांचे पाय जमिनीला टेकले. त्या दिवशी काकांनी दुकानात पेढे वाटले. पुढे बनवणाऱ्यांनी पुलासाठी वेगळे पैसे मागितले, तेही त्यांनी आधीच भरून टाकले.

मग काहीच आलं नाही. बऱ्याच दिवसांनी निरोप आला तो काम बंद केल्याचा. पूल होणार नव्हता.

आमच्या घराण्यातले पुरुष फसले की ते कुणाला कळू देत नाहीत. काकांनी मात्र दुकानात येईल त्याला स्वतःहून सांगितलं. मोबाइलवर गेम खेळणारं कुणी पंक्चर काढायला थांबलं की काका पाना हातात धरून म्हणत, "मला बराबर फसवलं. तुमी असला गेम घ्याल तर आज जेवढं हाय तेवढंच बघा. तेवढ्यात जीव रमत असंल तर घ्या. पुढच्या पुलाचे पैसे आज देऊ नका." लोक हसत. काकाही हसत. मला त्या हसण्याचा फार अभिमान वाटे.

गेम आता ते काढून टाकतील असं मला वाटलं. परवा दुपारी मागच्या खोलीत गेलो तर काकांच्या डाव्या हाताला दुसरी खुर्ची होती आणि तिच्यावर काकू, मांडीवरच्या सुपात तुरीच्या शेंगा सोलत.

"ह्यांच्या गाडीत मी कधी बसलेच न्हाई," काकू मला म्हणाल्या. "गाडीचा मालक बायामाणसं बसू देत नव्हता."

काका गाडी अगदी हळू चालवत होते. एका वळणावर त्यांनी ती कडेला घेतली.

"असंच वळण होतं," ते काकूंना म्हणाले. "स्प्रिंगचा पाटा तुटला, गाडी जागची हलेना. गाडीत माल होता, सोडून येता येईना. तिकडं लेकीचं बारसं होऊन गेलं."

काकूंचे हात शेंगांवर थांबले.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "पोरगी झाली म्हणून तुमी आला न्हाई."

"न्हाई गं," काका म्हणाले. "रडत बसलो होतो इथं."

काकूंनी सूप खाली ठेवलं आणि खुर्ची थोडी जवळ ओढली. काकांनी गिअर टाकला.