दोनशे चौदा पानं आणि एक ‘तथापि’

१९९६ साली जपानच्या समुद्राकाठच्या एका डोंगराळ प्रांताच्या सरकारने पारदर्शक व्हायचं ठरवलं. ठराव बंद दाराआड एकमताने मंजूर झाला. मुख्य कचेरीच्या तळमजल्यावर माहिती खुली करण्याचा कक्ष उघडला आणि त्याच्या चारही भिंती काचेच्या केल्या. लोक काचेवर आपटून नाकं फोडून घेऊ लागले, तेव्हा महिन्याभरात तिच्यावर डोळ्यांच्या उंचीला जाड कागद चिकटवण्यात आला.

मे महिन्यात या कक्षात मुकाइयामा किकुए नावाची एकाहत्तर वर्षांची विधवा येऊन बसली. तिला एवढंच विचारायचं होतं, की घरामागचा डोंगर खाली येणार आहे का.

प्रश्न आगाऊपणाचा नव्हता. तीन वर्षांपूर्वी सरकारी माणसं यंत्रं घेऊन आली, डोंगराला भोकं पाडली, तिच्या बरणीतलं उमे नावाच्या आंबट फळाचं लोणचं मिटक्या मारत संपवलं, वाकून वाकून आभार मानले आणि गेली. त्या काळी पाहुण्याला उलटा प्रश्न विचारायची रीत नव्हती. पण यंदा स्वयंपाकघरामागच्या भेगेत तिचा हात मनगटापर्यंत जात होता, आणि जूनची झड चार आठवड्यांवर आली होती. वाडीत अकरा घरं होती.

खिडकीवर मिझोगुची नावाचे सहायक अधिकारी होते. चेहरा इस्त्री केल्यासारखा, आवाज मऊ.

“अर्जात कागदपत्राचं नाव लिहा, आजी.”

“काय नाव त्याचं?”

“ते जाहीर केलेलं नाही.”

“मग मी लिहू काय, कपाळ?”

मिझोगुचींनी मागे वळून पाहिलं. “तुम्ही अंदाजाने बोलत राहा. बरोबर आलं की मी चहाचा घोट घेईन.”

तासाभराने ‘कामेदानी उताराच्या स्थैर्याची तपासणी’ या नावावर त्यांनी कप तोंडाला लावला. चहा गार झाला होता.

पंधराव्या दिवशी, अगदी मुदतीत, दोनशे चौदा पानं घरी आली. डब्यातल्या भातावर नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, काळा पापुद्रा पसरावा तशी एकूण एक ओळ काळी केलेली होती. दिसत होते ते पानांचे आकडे, आणि एकशे सहाव्या पानावर, बहुधा नजरचुकीने राहिलेला, एकच शब्द: ‘तथापि’.

किकुए गठ्ठा घेऊन परत कक्षात गेली. “मिझोगुची-सान, दौत सांडली का हो?”

“नाही, आजी. माहिती खुली केली आहे. झाकलेला भाग वगळून.”

“झाकलं कशासाठी?”

“रहिवाशांत अनावश्यक भीती पसरू नये म्हणून.”

“अनावश्यक? म्हणजे डोंगर पडणार नाही?”

“ते सांगता आलं असतं,” मिझोगुची हळूच म्हणाले, “तर एवढी शाई कशाला लागली असती?”

वाडीत टोफूवाल्या इवासाने ते पान उलटसुलट करून पाहिलं. “किकुए-सान, लग्न जमवणारी बाई ‘मुलगा चांगला आहे, तथापि’ म्हणाली, तर पुढचं ऐकायला कोण थांबतं? मुलीचा बाप चपला शोधायला लागतो.”

तरी तिने फेरविचाराचा अर्ज केला. अर्जाचा विचार गुप्त बैठकीत झाला. निर्णय असा, की सरकारने उत्तरदायी असलंच पाहिजे. सबब, पानं काळी करायला कोणाकोणाची संमती होती ते दाखवणारं पान खुलं करावं. ते आलं. त्यावर सहीऐवजी मारलेले सतरा गोल लाल शिक्के होते, आणि प्रत्येक शिक्का वरिष्ठांच्या शिक्क्याकडे अदबीने किंचित कललेला होता, नमस्कार घातल्यासारखा. चौकशीत वरच्या सोळा जणांनी सांगितलं, की खालच्याचा शिक्का होता म्हणून आपण मारला. सर्वांत खालच्याने सांगितलं, की वरचे मारणारच होते म्हणून आपण मारला. जबाबदारी सतरा जणांत इतकी बारीक वाटली गेली, की ती कोणाच्याच दाताला लागली नाही.

वीस जूनला वार्ताहरांसमोर सतरा अधिकारी अकरा सेकंद कमरेत वाकले. ‘शाईच्या छटा पानोपानी सारख्या न राहिल्याबद्दल’ त्यांनी जनतेची क्षमा मागितली. वाकण्याच्या खोलीचं वर्तमानपत्रांनी कौतुक केलं.

बाहेर तीन दिवस पाऊस होता. भेगेत आता कोपर जात होतं. किकुए शेवटचं म्हणून कक्षात गेली. मिझोगुचींनी तिच्याकडे न पाहता पेन्सिलीला टोक काढलं.

“आजी, तुमचा मुलगा शहरात असतो ना? भेटून या त्याला.”

“झड संपली की जाईन.”

“झडीत बरं असतं,” ते म्हणाले. “शेजाऱ्यांनाही न्या. अकराच्या अकरा घरं. शहर बघण्यासारखं आहे.”

किकुए वाकली आणि थेट बसथांब्यावर गेली. संध्याकाळपर्यंत तिने अकरा दारं ठोठावली. इवासाने फक्त विचारलं, “साहेब ‘झडीत बरं असतं’ म्हणाले?” आणि भिजत घातलेले सोयाबीन तसेच टाकून भट्टी विझवली.

सत्तावीस तारखेला सकाळी दहा वाजता डोंगर आला. अकरा घरं गेली, माणूस एकही गेलं नाही.

इतक्या लोकांनी जीव वाचवल्यामुळे माहिती फुटल्याचा संशय बळावला. चौकशी समिती बसली आणि दुपारच्या जेवणाआधी जबाबदार इसम सापडला: मिझोगुची. प्रांताच्या इतिहासात एखादी जबाबदारी एकाच माणसावर निश्चित होण्याचा हा पहिला प्रसंग.

समितीने आणखी एक शोध लावला. सरकारने काहीच लपवलं नव्हतं. १९९३ च्या नोव्हेंबरात वाडीत घरोघर फिरणाऱ्या, सूचनांचे कागद अडकवलेल्या पाटीवर पहिल्या पानावर कचऱ्याचा बदललेला वार होता, दुसऱ्यावर मुळे खारवण्याचा कार्यक्रम, आणि तिसऱ्याच्या तळाशी: ‘उतार केव्हाही सरकू शकतो. आपापली काळजी घ्यावी.’ खाली ‘वाचले’ म्हणून अकरा शिक्के. सहावा किकुएचा, अगदी सरळ. तिला तो दिवस आठवला. शेगडीवर मासा होता, करपायला आला होता.

“मग तीच माहिती सांगितली म्हणून मिझोगुचींना शिक्षा का?” एका वार्ताहराने विचारलं.

“माहिती खुली होती,” प्रवक्ते म्हणाले. “ती फोडायला त्यांना कोणी सांगितलं होतं?”

सतरा जणांपैकी चौदा बढती घेऊन निवृत्त झाले, तिघे पारदर्शकतेवर व्याख्यानं देतात. मिझोगुचींची बदली एका बेटावर झाली. तिथे ते बोटीच्या वेळा फळ्यावर लिहीत आणि वादळ येणार असलं की खडू जरा जोरात दाबत. इवासाने सरकारी चाळीखाली टोफूचं नवं दुकान टाकलं. किकुएही त्याच चाळीत आली, आणि फिरती पाटी शब्दन् शब्द वाचू लागली. तीन-तीन दिवस पाटी तिच्या दारात अडकते, अशी कुरकुर सुरू झाली. अखेर पाटीवरच ठराव फिरला, की यापुढे मुकाइयामा यांचं घर वगळावं. तिसऱ्या पानाच्या तळाशी होता तो. तिने वाचला, आणि पाटी घेऊन इवासाकडे गेली.

“काय हो, यात काय आहे?”

“कचऱ्याचा वार बदललाय वाटतं,” इवासा म्हणाला. ‘वाचले’ म्हणून त्याचा शिक्का पहिलाच होता.

हसू नका. तुमच्या जिन्याखालच्या फळ्यावर गेल्या आठवड्यापासून एक कागद लागलेला आहे.