कादंबरीतली शिवराळ आजी

मुलुंडच्या त्या शाळेत दीप्ती बाईंनी नववीच्या वर्गाला अवांतर वाचनासाठी एक कोकणातली कादंबरी लावली आणि पालकांच्या ग्रुपवर रणकंदन माजलं. जयवंत परब या पालकाने सुरुवात केली होती : ‘यातली आजी नातवाला शिव्या देते. हेच का संस्कार?’ बाकी कोणी कादंबरी वाचली नव्हती, त्यामुळे सगळ्यांची मतं ठाम होती.

मुख्याध्यापक नंदकिशोर सर म्हणजे वारा येईल तशी पाठ फिरवणारे. “मॅडम, शनिवारी पालकसभा. हात वर झाले की पुस्तक बाद.”

“सर, मुलं पहिल्यांदाच आपणहून मराठी वाचतायत हो!”

“तेच तर पालकांना खटकतंय ना.”

आणि खरंच, तक्रार झाल्यापासून दप्तरात पडून असलेली कादंबरी बाकाखाली फिरू लागली होती. मधल्या सुट्टीत डबे बाजूला आणि डोकी पुस्तकात. ते पाहून बाईंना भरून यायचं. काहीही करून पुस्तक वाचवायचंच, असं त्यांनी ठरवलं.

सभेत जयवंत लाल खुणा केलेली प्रत घेऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, “आक्षेपार्ह काय ते मोठ्याने वाचा.” ऐकल्यावर लोक विरघळतील, असा त्यांचा हिशेब. पण चाळीतून टॉवरमध्ये गेलेला जयवंत ते शब्द चारचौघांत कसे उच्चारणार?

“आजी म्हणाली, ‘अरे टिंब टिंब, भात निवतोय, जेवायला ये.’”

सभेत कुजबुज सुरू झाली.

“पानात बांगडा वाढत ती म्हणाली, ‘खा रे, टिंब टिंब!’”

“अगं बाई! सख्ख्या नातवाला?” चेतना नावाच्या पालक किंचाळल्या. प्रत्येकाने त्या टिंबांत आपल्याला येणारी सगळ्यात वाईट शिवी घातली, आणि मुंबईकराकडे साठा काही कमी नसतो. भराभर हात वर जाऊ लागले.

तेवढ्यात मागून जयवंतची आई, जानकीआजी, कडाडली. नातवाची शाळा बघायची म्हणून ती आली होती. “अरे मेल्या! टिंब टिंब काय करतंस? जा छापलाहा ता वाच ना, मुडद्या!”

“आजी,” बाई म्हणाल्या, “छापलंय ते हेच!”

सगळी सभा खो खो हसत सुटली. जयवंतही ओशाळून हसला. वर गेलेले हात पोट धरायला खाली आले आणि पुस्तक वाचलं. नंदकिशोर सरांना तर उमाळाच आला. “इतकं सुंदर पुस्तक! वार्षिक परीक्षेत वीस मार्कांना घेऊ या!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

सोमवारी बाई उड्या मारतच वर्गात गेल्या. बाकाखाली एकही पुस्तक नव्हतं.

“काय रे सुयोग,” त्यांनी जयवंतच्या मुलाला विचारलं, “शेवट वाचलास?”

“नाही बाई. ते आता अभ्यासाचं झालं ना. गाईड आलं की बघतो.”

बाईंना रडूच यायचं बाकी होतं. मधल्या सुट्टीत त्यांनी स्टाफरूमचं दार लोटलं आणि फोन लावला.

“जयवंतराव, शेवटच्या प्रकरणात नायिका घरातून पळून जाते. तुमचं लक्ष गेलं नाही वाटतं?”