महिन्याला चमचाभर तेल

सुनेला शिवणवर्गासाठी गॅरेज हवं होतं आणि गॅरेजात अण्णांची गाडी नऊ वर्षं ठाण मांडून बसली होती. चिरंजीवांनी शेवटी निकाल दिला: संध्याकाळपर्यंत सुरू झाली तर अंगणात जागा करू, नाही तर उद्या सकाळी भंगारवाला. अण्णांना जेवण गेलं नाही. जन्मल्यावर चिरंजीव याच गाडीतून घरी आले होते, पण हे त्यांना सांगणार कोण?

गाडी बंद पडली होती ती बिघाडाने नव्हे, भांडणाने. नऊ वर्षांपूर्वी अण्णांनी ती फाटकावर घातली. "दिसत नाही तर चालवता कशाला?" असं माई चारचौघांत म्हणाल्या. अण्णांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला, पण गाडीला पुन्हा हात लावणार नाही असं जाहीर केलं. माईंनीही ते डबडं नजरेसमोर नको, असं सुनावलं. तेव्हापासून तो विषय काढायची घरात कोणाची छाती नव्हती.

मेकॅनिक आला. इतकी वर्षं उभी म्हणजे इंजिन जाम असणार, असं त्याने आधीच बजावलं. मग नवी बॅटरी जोडली, चारही प्लग काढले आणि किल्ली फिरवली. चिरंजीव इस्त्रीच्या शर्टात वाकून बघत होते. इंजिन गरगर फिरलं आणि चार भोकांतून तेलाच्या चार चिळकांड्या उडाल्या. दोन छताला लागल्या, दोन चिरंजीवांना.

"यात तेल कोणी ओतलंय?" मेकॅनिकने विचारलं.

चोरी पकडली गेल्यासारखं अण्णांनी कबूल केलं. इंजिन गंजू नये म्हणून दर एक तारखेला, माई बहिणीकडे गेल्या की ते प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडत होते. हात लावणार नाही म्हणाले होते, म्हणून हातमोजे घालत.

मेकॅनिकने इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पाहिली, पुसून पुन्हा पाहिली. "आजोबा, चमच्या-चमच्याने एवढं होत नाही. तुम्ही सांगता त्याच्या हे दुप्पट आहे."

माई फडक्याला हात पुसत दारात उभ्या होत्या.

"पंधरा तारखेला मी घालते," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचनालयात गेलात की."

"तू? तुला प्लग काढता येतो?"

"नऊ वर्षं काढतेय. न येऊन सांगतंय कोणाला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा राग जाईल तेव्हा गाडी चालू व्हायला नको? पण राग गेल्याचं तुम्ही सांगितलंच नाहीत."

"अगं, तो त्याच आठवड्यात गेला होता. मी तुझा जायची वाट बघत होतो."

मेकॅनिकने मान खाली घालून जादा तेल काढलं, नवं पेट्रोल भरलं, प्लग पुसून बसवले. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. धुराने गल्ली भरली, शेजाऱ्यांनी भराभर खिडक्या लावल्या. कुठे जायचं काही ठरलं नव्हतं, तरी अण्णा आणि माई आत जाऊन बसले. त्या धुरात कोण कशामुळे डोळे पुसतंय हे कळायला मार्ग नव्हता. चिरंजीव तेलकट शर्टानेच अंगणातल्या कुंड्या हलवायला गेले.