आबांच्या नावाची भाकरी

मला एक सांगा, माणसानं भरवसा ठेवायचा कुणावर? बायकोवर, की स्वतःच्या दुकानातल्या मालावर? त्या दिवशी बायको मला वेळेत सावध करत होती. पण मी पडलो व्यापारी. भरवसा ठेवला तो मालावर.

माजलगावात मोंढ्याच्या अलीकडं माझं किराणा दुकान आहे. शाळेशी आपलं फार दिवस जमलं नाही. जे शिकलो ते गल्ल्यावर बसून. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मी ओळखतो, हा साखर नेणार की नुसता भाव विचारून जाणार. (हुशारीचा हा दाखला आधीच देऊन ठेवतो. पुढं द्यायला जागा मिळणार नाही.)

त्या रविवारी आमच्या पोरीला, संस्कृतीला, बघायला पालीचे पाहुणे यायचे होते. पोरा-पोरीचं फोनवर बोलणं कधीचंच सुरू होतं. ते आम्हाला माहीत नाही असं धरून चालायचं होतं, आणि आम्ही चालत होतो. प्रश्न फक्त पोराच्या वडिलांचा. माणूस रीतीरिवाजाला लई कडक, असं कानावर होतं. त्यांचं ‘हो’ आलं की झालं. त्या एका ‘हो’पायी पोरीनं आठवडाभर धड जेवण केलं नव्हतं.

सकाळी आरशात बघितलं तर मी पोरीचा बाप कमी आणि आजोबा जास्त दिसत होतो. म्हटलं, केसांना जरा काळं लावू. दुकानात हेअर डायची पाकिटं होतीच. बरीच जुनी. त्यांच्यावरची तारीख पुसली गेली होती. (कशी पुसली गेली ते विचारू नका.)

“अहो, ती पाकिटं उंदरानंबी सोडून दिलीत,” बायको, वनमाला, म्हणाली. “काहून लावताव?”

“माल मुरला की जास्त चढतो,” मी म्हणालो. हेच वाक्य मी गिऱ्हाइकाला सांगतो. त्या दिवशी पहिल्यांदा मलाच पटलं.

डोक्याला लावलं, मिशीला लावलं. थोड्या वेळानं धुतलं तर डोकं वांग्याच्या रंगाचं आणि मिशी गुळाच्या. वर अशी आग, की डोळे सुजून लाल, पाण्याची धार थांबेना. डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि धावत जीवनच्या सलूनमध्ये गेलो.

“जीवन, काढ सगळं,” मी हुंदके देत म्हणालो. (हुंदके आगीचे होते.)

जीवननं रंगाकडं नाही, माझ्या डोळ्यांकडं बघितलं. मोबाईलवर गाणं वाजत होतं, ते बंद केलं. “मिशीबी, शेठ?”

“मिशीबी.”

आता आमच्याकडं बाप जिवंत असताना कुणी मिशी काढत नाही. डोकं आणि मिशी एकदम उतरली, की बघणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं, विचारायचं नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण ओठ भाजत असला की माणसाला रीत आठवत नाही, बर्फ आठवतो.

जीवननं पैसे घेतले नाहीत. हात जोडले. “आज नको, शेठ. देवमाणूस व्हते.”

‘व्हते’ कोण, हा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता. पण फुकट काही मिळालं की माझं डोकं तिथंच थांबतं.

बाहेर कधी न बघितलेल्या रिक्षावाल्यानं मला धरून आत बसवलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. भाडं काढलं तर माझी मूठ त्यानं हलकेच मिटली. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं पळत येऊन ग्लास हातात दिला, बर्फासकट. बर्फ मी ओठाला लावला आणि रस डोळे पुसत प्यालो. मनात म्हटलं, पोरीला बघायला पाहुणे येणार हे गावाला कळलेलं दिसतंय. काय वट आहे आपली!

वनमालानं दारात मला बघितलं आणि हातातला पोह्यांचा डबा सोडला. “आबा?”

“आबांना काय झालंय? एसटीत असतील.”

माझे वडील, सुंदरराव, लिंबागणेशला शेतावर राहतात. नातीच्या कार्यक्रमासाठी सकाळीच निघाले होते. एसटीत बसले की ते मोबाईल बंद करतात, चार्जिंग वाचतं म्हणून.

वनमाला कपाळाला हात लावून खाली बसली. “अहो, हे ध्यान घेऊन सगळ्या गावातून आलाव?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (पडायला आता केसांचाही अडथळा नव्हता.) पण तोवर शेजारच्या वच्छलाबाई आत आल्या होत्या. त्यांच्या हातात टोपली, टोपलीत भाकरी आणि पिठलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण आणायचं, ही आमची रीत. त्यांनी सरळ स्वयंपाकघरात जाऊन शिऱ्याखालचा गॅस बंद केला.

“काकू, कुणी गेलं न्हाई!” मी ओरडलो.

“आसंच वाटतं लेकरा सुरवातीला,” त्यांनी माझ्या चकाकत्या डोक्यावरून हात फिरवला. “माझे मालक गेले तवा मीबी महिनाभर त्येंचा च्या टाकत व्हते.”

“अहो, आबा जिवंत हायेत!”

“हायेत की. तुझ्या काळजात हायेत.”

मग रांगच लागली. येईल तो भाकरी ठेवी, सतरंजीवर बसे आणि जमिनीकडं बघे. कुणी पाण्याचा जार आणला, कुणी खुर्च्या. मी जितकं ‘आबा आहेत’ म्हणे, तितके लोक एकमेकांना खुणावत, याला एकटं सोडू नका. आणि मग आला पंडित. पंडितचं दुकान माझ्या समोर. तेलाच्या भावावरून आमचं बोलणं बंद होऊन वर्षं झाली. त्यानं मला उराशी असं आवळलं की माझी बरगडी वाजली.

“दुकान बंद करून आलो बे,” तो गदगदून म्हणाला. “तुझ्या गड्याला सांगून तुझंबी बंद केलं.”

रविवारी, बाजाराच्या दिवशी! तेव्हा मात्र मला खरंच रडू आलं. लोकांना ते बरं वाटलं.

“पंडित, ऐक. आबा निघालेत, येतीलच.”

पंडितनं आभाळाकडं बघून हात जोडले.

एवढ्यात पालीची जीप आली. कोपऱ्यावर त्यांना सगळं कळलं होतंच. पोराच्या वडिलांनी टोपी काढली, पेढ्यांचा पुडा मागं बायकोकडं दिला आणि हलक्या आवाजात म्हणाले, “शेठ, वाईट झालं. आता वर्षभर तुमच्याकडं शुभकार्य न्हाई. आमाला तर पोराचं यंदाच उरकायचंय. मग... बघू आता दुसरीकडं.”

मागं उभ्या पोराचं तोंड उतरलं. आतून संस्कृती हिरव्या साडीत धावत आली. “काका, थांबा! कुणी गेलं न्हाई! पप्पांनी डाय लावला!”

मग वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, “पोरीच्याबी डोक्यावर परिणाम झाला.”

झालं! पाहुण्यांची जीप वळू लागली. संस्कृती दाराची चौकट धरून उभी होती, आणि माझ्याकडं अशी बघत होती की डायची आग त्यापुढं बर्फ. मी जीपच्या मागं पळालो. माझ्या मागं मला धरायला पंडित आणि निम्मी गल्ली.

जीपपुढं एक रिक्षा येऊन थांबली. तीतून धोतर सावरत, मोसंब्यांची पिशवी घेऊन आबा उतरले. त्यांना दारासमोरची गर्दी दिसली, सतरंजी दिसली, टोपल्या दिसल्या. गर्दीत माझं डोकं काही त्यांना ओळखू येईना. त्यांनी पिशवी टाकली आणि हंबरडा फोडला, “तान्याऽऽ! माझ्या आधी गेलास का रं!”

“आबा, मी हाय!”

आबांनी मला खालून वर बघितलं. “मग ही मिशी कुणासाठी काढली?”

गर्दी एकेक पाऊल मागं सरकली. शेवटी पंडित पुढं झाला. “तुमच्यासाठी, आबा. तुमी गेलताव.”

आता म्हातारा माझ्या अंगावर येणार, म्हणून मी पंडितच्या मागं झालो. पण आबांनी गर्दी बघितली, भाकरींचा ढीग बघितला, आणि त्यांचा चेहरा लग्नातल्या व्याह्यासारखा फुलला.

“एवढे लोक? माझ्यासाठी?” ते सतरंजीवर ऐसपैस बसले. “मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतंय. वाढा! माझ्या नावाची भाकरी हाय, मीच खातो.”

पालीचे पाहुणे जीपमधून उतरले. आबांनी हात धरून त्यांना शेजारी बसवलं. संस्कृतीनं पोह्यांऐवजी पिठलं वाढलं, तेही हसू दाबत. पोराच्या वडिलांनी दोन घास खाल्ले, मग सगळ्या गल्लीकडं एकदा बघून घेतलं. “आमी पोरीचं घर बघाया आलतो,” ते बायकोला म्हणाले, “पर शेजार बघून घेतला. पेढे काढा.”

पंडितनं पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला, आणि तेलाचा भाव सोडून बाकी सगळं विसरून जायचं ठरलं.

संध्याकाळी वच्छलाबाई रिकामी टोपली न्यायला आल्या. मी जरा फुगलोच होतो. म्हटलं, “काकू, गावात आपली वट लई हाय, न्हाई?”

“तुझी?” त्या हसल्या. “आरं, समदे आबांसाठी आलते.”

“आणि मी गेलो असतो तर?”

त्यांनी बराच विचार केला. “आले असते की. वनमालासाठी.”

तेव्हा वाचक मंडळी, तुम्हाला एक विनंती. मी खरोखर जाईन तेव्हा आलेल्या भाकरींचा हिशोब प्रामाणिकपणे ठेवा. वनमालासाठी आलेल्या वेगळ्या, माझ्यासाठी आलेल्या वेगळ्या. आणि माझ्या कमी भरल्या तर तो हिशोब आबांना तेवढा दाखवू नका. आयुष्य वाढलंय त्यांचं. माझ्या नावाची भाकरी खायला बसणारे पहिले तेच असतील.