उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत अठरा मीटर

तळसावळी गावात दोन जागांमधलं अंतर नगरपरिषदेच्या पीडीएफ नकाशात जेवढं आखलेलं असेल तेवढंच असतं. नकाशे कागदावर होते तोवर असं काही नव्हतं. ते संगणकावर चढले, आणि तेव्हापासून आरेखकानं दोन ठिकाणांमध्ये लाल रेघ ओढून त्यावर मीटर लिहिले की जमीन निमूटपणे तेवढी होते. गावाला आता त्याची सवय आहे.

त्यामुळे आरेखकाच्या खुर्चीवर माणूस पारखून बसवावा लागतो. आधीच्या आरेखकानं एकदा घाईत प्रमाण न लावताच रेघ ओढली होती. एस.टी. स्टँड आणि स्मशानभूमी यांच्यात तीन दिवस वीतभर अंतर राहिलं आणि लोणंदच्या गाडीला आलेली माणसं भलत्याच मंडळींच्या मागे उभी राहिली. त्याची बदली झाली आणि हेमलता बिडवे आल्या. त्या रोज सकाळी नकाशा उघडून आधी चौकातल्या दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर मोजत. ते बरोबर बारा मीटर भरलं, म्हणजे प्रमाण नीट लागलं. मगच चहा. नऊ वर्षांत त्यांची रेघ बोटभरही चुकली नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर किसनराव पिसाळ रिक्षानं कार्यालयात आले. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे संपावर.

"मॅडम, माझ्या घरापासनं अक्काचं घर किती आहे बघा."

हेमलताबाईंनी बघितलं. "चारशे बारा मीटर."

"ते अठरा करा. डॉक्टरनं वीस मीटर चालायची परवानगी दिलीय. दोन मीटर आपले हाताशी ठेवतो."

"रिक्षा जात नाही का तिकडं?"

"बोळात सायकल शिरंना, तिथं रिक्षा कुठली! पोरं उचलून न्यायला तयार हाईत, पण अक्का ऐकंल तर शपथ. म्हणती, उचलून आणत्यात तो देव. देवाला मी ओवाळते की रोज, मला भाऊ पायजे." किसनरावांनी चष्मा काढून उगीचच पुसला. "तीन वर्षं झाली, भाऊ जिवंत असून ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळती. चौऱ्याऐंशीची आहे. अजून किती वर्षं चंद्रावर भागवायचं तिनं?"

हेमलताबाईंनी नकाशात दोन्ही घरांवर खूण केली. पण नियम तो नियम. तळसावळीची हद्द काही हलत नाही, म्हणून एका ठिकाणचं अंतर कमी केलं की तेवढंच दुसरीकडे वाढवावं लागतं, नाहीतर नकाशाच्या कडा जुळत नाहीत आणि फाइल जतनच होत नाही. म्हणजे तीनशे चौऱ्याण्णव मीटर कुणीतरी स्वतःच्या वाटेत घ्यायला हवे होते, आणि तेही त्या वाटेनं रोज जाणाऱ्या सगळ्यांच्या लेखी संमतीनं.

हरकती आणि सूचनांसाठी सात दिवसांची नोटीस लागली. मुदत नेमकी भाऊबीजेला दुपारी चारला संपत होती, म्हणून त्या दिवशी सुट्टी असूनही कार्यालय उघडं ठेवायचं ठरलं.

सूचना पुष्कळ आल्या, मीटर घेणारा कुणी नाही. मुख्याध्यापक म्हणाले, शाळा आधीच मुलांना लांब वाटते. दवाखान्यानं कानावर हात ठेवले. एका जावयानं सासुरवाडीच्या वाटेसाठी सगळेच्या सगळे मीटर मागितले, वर आणखी असतील तर तेही. पण त्याच्या बायकोनं संमतीच्या कागदावर जे लिहिलं ते वाचून मुख्याधिकारी लोखंडे साहेबांनी अर्ज निकाली काढला.

भाऊबीजेला तीन वाजेपर्यंत घोडं तिथंच अडलं होतं. किसनराव नवं धोतर नेसून घरी बसले होते. रेघ ओढली की कळवा, एवढाच निरोप त्यांनी पाठवला होता.

हेमलताबाईंचे यजमान दिनकरराव चिवड्याचा डबा घेऊन आले. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते रोज संध्याकाळी बायकोला न्यायला येत. माणूस घरात मुका, वाटेवर बोलका. जन्मभर चालत्या गाडीत बोलायची सवय, त्याला ते तरी काय करणार! पण कार्यालयापासून घर अवघं दोनशे साठ मीटर. त्यांनी गोष्ट सुरू केली की मध्येच फाटक यायचं. मग आत कुकर, टीव्ही, सासूबाईंची गोळी. 'त्या दिवशी म्हसवडच्या गाडीत एक म्हातारा चढला, हातात हा एवढा आरसा' ही गोष्ट हेमलताबाईंनी निदान चाळीस वेळा आरशापर्यंत ऐकली होती. पुढचं फाटकानं गिळलं होतं.

त्या उठल्या आणि लोखंडे साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब, कर्मचाऱ्याला स्वतःच्या घराचं अंतर बदलून घेता येतं का?"

साहेबांनी नियमावली चाळली. "कमी करायला सक्त मनाई आहे. वाढवायला..." त्यांनी पान उलटून पाठीमागेही बघितलं. "वाढवायला काही लिहिलेलं नाही. आजवर कुणी मागितलंच नाही. बाई, पाऊण किलोमीटरच्या आसपास जाईल ते. पावसाळ्यात पस्तावाल."

"सहाशे चोपन्न मीटर," हेमलताबाईंनी दुरुस्ती केली आणि संमतीचा कागद नवऱ्यापुढे ठेवला. "सासूबाई काही इकडं येत नाहीत. आपण दोघंच."

दिनकररावांनी कागद दोनदा वाचला. "रोज?"

"रोज."

त्यांनी तिकीट फाडल्यासारखी झटक्यात सही केली.

पावणेचारला हेमलताबाईंनी नकाशा उघडला. घाई होती तरी आधी खांब मोजले. बारा. मग किसनरावांच्या उंबऱ्यापासून अक्कांच्या उंबऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली. फाटकापासून ओढली असती तर अंगणं वर उरली असती आणि किसनराव तुळशीपाशीच अडकले असते. अठरा लिहिले. दुसरी रेघ कार्यालयाच्या पायरीपासून स्वतःच्या फाटकापर्यंत. सहाशे चोपन्न. कडा जुळल्या. फाइल जतन झाली. बोळातली मधली घरं जागच्या जागी राहिली. त्यांची अंतरं वेगळी आखलेली असल्यानं त्यांना काही कळलंही नाही.

नियमाप्रमाणे स्थळपाहणी करावी लागते, म्हणून दिवस मावळताना हेमलताबाई फीत घेऊन बोळात गेल्या. अठरा भरले. किसनराव उंबरा उतरले आणि काठी टेकत निघाले. अक्का दारातल्या खुर्चीत तबक घेऊन बसल्या होत्या. निम्म्या वाटेत किसनराव थांबले.

"दुखतंय?" अक्कांनी विचारलं.

"न्हाय. लगेच पोचलो तर संपंल की."

"ये मुकाट्यानं. वात विझंल."

ते पोचले. अक्कांनी भावाला ओवाळलं, त्याच्या तोंडात करंजी कोंबली आणि बराच वेळ त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या. मग पश्चिमेला चंद्राची कोर दिसली तेव्हा तबक तिच्यापुढेही एकदा फिरवलं. तीन वर्षं उपयोगी पडला, त्याला एकदम तोडू नये, म्हणाल्या. हेमलताबाईंनी फीत गुंडाळता गुंडाळता डोळे पुसले आणि अहवालात 'मोजमाप बरोबर' असं लिहिलं.

फीत कार्यालयात ठेवून त्या बाहेर आल्या तेव्हा दिनकरराव पायरीशी उभे होते. दोघं चालू लागली.

"त्या दिवशी म्हसवडच्या गाडीत एक म्हातारा चढला," त्यांनी सुरू केलं, "हातात हा एवढा आरसा."

एव्हाना फाटक यायला हवं होतं. आलं नाही. दिनकरराव जरा बिचकले, मग पुढे झाले.

"जागा नव्हती. मीच आरसा धरून उभा राहिलो. तर आरशात मागच्या सीटवरची एक मुलगी दिसली. शेंगा खात होती आणि टरफलं खाली न टाकता पर्समध्ये भरत होती. म्हटलं, माणूस व्यवस्थित आहे. दुसऱ्या दिवशी तुझ्या मामांना गाठलं."

हेमलताबाई चालता चालता थांबल्या. एकतीस वर्षं त्यांना वाटत होतं की स्थळ मामांनी आपणहून आणलं.

"ती मी होते?"

"ती तूच होतीस."

गोष्ट संपली होती. फाटक अजून नव्वद मीटर लांब होतं. दोघांनी ते सावकाश वापरले.