लिहिलंय तिथपर्यंत

एका रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या त्यागींच्या उघड्या दारातून एक गृहस्थ आत शिरले, चपला काढल्या, सोफ्यावर बसले आणि हातातला कागद वाचू लागले. त्यागी स्टुलावर उभे राहून पंखा पुसत होते. वरूनच त्यांनी विचारलं, "अंकल, आप कौन?"

गृहस्थांनी कागद उलटून पाहिला. "ये इसमें लिखा नहीं है," ते म्हणाले.

हे आमचे ताम्हणे सर.

खरं तर ते सर नव्हेत. दिल्लीच्या एका मंत्रालयात, दुसऱ्यांनी लिहिलेल्या टिपणांतल्या चुका काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता ते इथे गाझियाबादला, आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये एकटे राहतात. प्राथमिक शाळेतल्या मराठी मुलांना लेखनकौशल्य शिकवावं असं आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, तेव्हा मंडळाकडे एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि बरेच सल्लागार होते. शिकवायला तेवढं कोणी नव्हतं. चिटणीस मी होतो, कारण निवडीच्या सभेला मी उशिरा पोहोचलो.

उद्घाटन क्लबहाउसात झालं. अध्यक्ष मातृभाषेवर इतकं बोलले की समोसे गार झाले आणि मुलं पेंगली. मग ताम्हणे सर उठले. "मुलांनो, मला रस्ते लक्षात राहत नाहीत," ते म्हणाले. "तुमच्या घरी कसं यायचं ते लिहून द्या. जसं लिहाल तसा येईन." सगळ्यांना हा विनोद वाटला. टाळ्या पडल्या.

विनोद नव्हता. दर रविवारी एका मुलाची पाळी. मुलाने लिहायचं, सरांनी कागद धरून चालायचं, बाकीच्यांनी मागून जायचं. मध्ये कोणी काही सुचवलं की सरांचा एकच प्रश्न : "कागदावर आहे का?"

सईने लिहिलं होतं, 'गेटमधून सरळ चाला.' सर सरळ चालले, फुलांच्या वाफ्यात उतरले आणि कुंपणाच्या भिंतीला नाक लावून उभे राहिले. गार्डने मला इंटरकॉमवर विचारलं, "साहब, आपके मास्टरजी दीवार से बात कर रहे हैं, क्या करें?" ओंकारने लिहिलं होतं, 'लिफ्टने वर या, समोरच्या दारातून आत या, सोफ्यावर बसा.' किती वर, ते नव्हतं. सर सगळ्यात वरच्या मजल्यावर गेले. ओंकार दुसऱ्यावर राहतो. "अरे यार सर, दूसरा मजला!" तो बाहेरून ओरडत होता. सर त्यागींकडचा राजमा-चावल खाऊनच उठले.

मी गोंधळात पडलो. याला शिकवणं म्हणायचं की उपद्रव, ते कळेना. मुलं मात्र पाहायला लागली होती. माझी मुक्ता चौथीत आहे. एकदा तिने विचारलं, "बाबा, आपल्या दाराचा रंग कोणता?" आठ वर्षं मी त्या दारातून ये-जा करतोय. मला बाहेर जाऊन बघावं लागलं. हिरवा निघाला.

दुसरा गोंधळ असा की, घर सापडल्यावर धडा संपायला हवा. सर आत जाऊन बसत. चहा लिहिला असेल तर चहा घेत, आजोबांशी गप्पा लिहिल्या असतील तर गप्पा मारत. आणि ज्या माणसाला रस्ते आठवत नाहीत तो स्वतःच्या घरी कसा पोहोचतो, हे मला कोणीच सांगू शकेना.

अखेर मंडळाची सभा भरली. "हे लेखन आहे का?" अध्यक्षांनी विचारलं. "निबंध कुठाय? 'माझा आवडता नेता' कुठाय?" ठराव झाला : वर्ग क्लबहाउसात, विषय निबंधाचे, घरोघरी जाणं बंद. कळवायचं अर्थातच चिटणिसाने.

धीर यावा म्हणून मी मुक्ताला सोबत नेलं. सरांनी दार उघडलं. "या, या. काय काम काढलंत?"

मी काम सांगितलं. सरांनी ते शांतपणे ऐकलं. "निर्णय मान्य," ते म्हणाले.

"पण सर, तुम्हाला रस्ते खरंच आठवत नाहीत?"

"रस्ते?" ते हसले. "सोसायटी बांधली जात होती तेव्हापासून पाठ आहेत." त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "ही होती तेव्हा सगळ्यांकडे हीच जायची. मी खाली थांबायचो. ती गेल्यावर दोन-तीनदा निघालो होतो मी. माणसं चांगली आहेत. दार उघडतात आणि विचारतात, काय काम काढलंत? मला काम नसतं हो."



पुढच्या रविवारी क्लबहाउसात 'माझा आवडता पक्षी' हा निबंध झाला. अध्यक्ष स्वतः येऊन फोटो काढून गेले. संध्याकाळी आमची बेल वाजली. दोनदा. दारात सर, हातात कागद.

"मुक्ताने विषय सोडून लिहिलंय," ते म्हणाले. "पण लिहिलंय, म्हणून आलो."

मी सवयीने तोंड उघडलं होतं. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. 'आमचं दार हिरवं आहे. बेल दोनदा वाजवा. बाबा दार उघडतील. ते काही विचारणार नाहीत.'

मी तोंड मिटलं आणि बाजूला झालो.

खिडकीजवळची खुर्ची लिहिली होती, सर तिथे बसले. कमी साखरेचा चहा लिहिला होता, माझ्या बायकोने, शुभाने, तो आणला. चहा संपला. सरांनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला.

"मुक्ता, परत कधी जायचं ते राहिलंय."

"राहिलं नाही सर. लिहिलंच नाही."

सरांनी खिशातून लाल पेन काढलं. कागदाच्या शेवटच्या ओळीखाली ते थोडा वेळ धरलं. मग टोपण लावून परत खिशात ठेवलं.

"वहिनी," ते शुभाला म्हणाले, "आणखी अर्धा कप मिळेल का?"

"कागदावर आहे का?" मुक्ताने विचारलं.

"नाही," ताम्हणे सर म्हणाले, आणि कप पुढे केला.